सेंद्रियवर मोजूनमापून झालेलं संशोधन काय म्हणते? दोन एकराचा विचार आहे (दारव्हा, यवतमाळ)

काळी_कसदार: नमस्कार मंडळी. ६ एकर कोरडवाहू वावर आहे. पऱ्हाटी (कापूस), तूर, सोयाबीन. दोन एकर सेंद्रिय करावं म्हणतो. व्हॉट्सॲपवर एक जण म्हणते कॅन्सर पळते, दुसरा म्हणते उतारा निम्मा होते. कोणी प्रयोग करून मोजलं असन तर सांगा. भाषणाचे व्हिडिओ नको.

वऱ्हाडी_गडी: नका करू भाऊ. तणनाशक बंद केलं की निंदणाले बाया शोधत फिरा.

बोंडअळी: मजुरीचं खरं आहे, पण त्यांनी मोजमाप विचारलं. आपल्याला सगळ्यात जवळचा प्रयोग मध्य प्रदेशातल्या निमाडातला. खरगोन जिल्ह्यात कसरावदजवळ, २००७ पासून, काळ्याच जमिनीत: कापूस, सोयाबीन, गहू. (गहू आहे म्हणजे ओलित आलं, तेवढा फरक धरा.) २००७-०८ च्या फेरीत सेंद्रिय कापूस २९ टक्के कमी, गहू २७ टक्के कमी, सोयाबीन मात्र जेमतेम १ टक्का. २००९-१० मध्ये कापूस-गहू बरोबरीत आले. पण मेख अशी, की सेंद्रियनं उडी मारली नव्हती, रासायनिकचाच उतारा घसरला होता. सोयाबीन तर त्या वेळी ११ टक्के मागे. तरी खर्च कमी असल्यानं त्या फेरीत सेंद्रियचा नफा २५ टक्के जास्त. म्हणून सुरुवात पऱ्हाटीनं नको, सोयाबीननं करा. तूर त्या प्रयोगात नव्हती, पण सोयाबीनसारखी तीही मुळाच्या गाठीतून हवेतलं नत्र घेते.

काळी_कसदार: अन् कॅन्सरचं?

डाळभाजी_ताई: दादा, माल विकताना पाटीवर तसं लिहू नका. २०१८ मध्ये फ्रान्सच्या पाहणीत सेंद्रिय खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसला, पण त्याआधी इंग्लंडमधल्या बायकांच्या मोठ्या पाहणीत एकंदर फरक निघाला नव्हता. महागाचं खाणारे लोक तब्येतीलाही जपतात, ते वेगळं काढणं कठीण. पोषणाचंही तसंच. स्टॅनफर्डनं २०१२ मध्ये ठाम फरक नाही म्हटलं. न्यूकॅसल विद्यापीठानं २०१४ मध्ये ३४३ अभ्यास चाळून अँटिऑक्सिडंट जास्त, कॅडमियम (विषारी धातू) कमी असं सांगितलं. कीटकनाशकांचे अंश सेंद्रियात कमी सापडतात, यावर मात्र दोघंही एक. मला विचाराल तर खाणाऱ्याच्या आधी पंप पाठीवर घेणाऱ्याचा विचार करा. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारताना माणसं गेली.

वऱ्हाडी_गडी: हे पटलं ताई.

काळी_कसदार: मग प्रमाणपत्राचं कसं? पुढं पऱ्हाटी घेतली तर?

बोंडअळी: बीटी (जनुक बदललेलं बियाणं) चालणारच नाही. देशी किंवा सरळ वाण लागते, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पेरणीच्या बऱ्याच आधी विचारा, ऐन मृगात कृषी केंद्रात बीटीच हातात देतात. एकट्यानं प्रमाणपत्र घेणं महाग पडते. पीजीएसमध्ये (गटानं प्रमाणपत्र घ्यायची सरकारी पद्धत) किमान ५ शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांची वावरं तपासायची असतात, ते परवडते. अन् धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) कोण फवारते ते पाहा. त्या बाजूची काही तासं (ओळी) सोडून तो माल वेगळा विका.

काळी_कसदार: धुऱ्यापलीकडे काकाच आहे. त्यालेच गटात घेता येते का पाहतो.

वऱ्हाडी_गडी: काका ऐकला तर निंदणाचा भाव पण इथं टाकजा.