बीएस्सीच्या मुलांना धंदा कुणी शिकवायचा?

गाठीवाली
नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना दुसऱ्या विद्याशाखेचा विषय घ्यावा लागतो. बहुतेक जण ‘उद्योजकता’ घेतात. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. गेल्या वर्षी माझ्या मुलांनी सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतून रायझोबियम, म्हणजे हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारा जिवाणू, वेगळं काढलं, वाढवलं, त्याच्या द्रवरूप खताच्या बाटल्या भरल्या. आणि त्याच आठवड्यात उद्योजकतेच्या तासाला तीच मुलं एका काल्पनिक कॅफेचा प्रकल्प अहवाल लिहीत होती! फार वाईट वाटलं.

तो पेपर विज्ञान आणि वाणिज्य अशा दोन शिक्षकांनी मिळून घ्यावा, आणि माल मुलांच्या प्रयोगशाळेतलाच असावा, असं माझं ठाम मत आहे. १९८५च्या खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप जिवाणू खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात. ते बियाण्याला चोळायचं असतं, म्हणजे पेरणी झाली की त्या हंगामापुरतं गिऱ्हाईक संपलं. मग बाटल्या कधी भरायच्या? कृषी सेवा केंद्राला उधारी किती द्यायची? दुकानाबाहेर उन्हात राहिलेल्या खोक्यात जिवंत काय उरतं? यातलं एकही उत्तर एकट्या शाखेला देता येणार नाही.

लोलक
तीव्र असहमत. मी फिजिक्स शिकवतो. हे श्रेयांक (क्रेडिट) आकाशातून पडत नाहीत, मुख्य विषयाच्या तासांतूनच जातात. हिशेब तिशीतही शिकता येतो. विसाव्या वर्षी सुटलेलं गणित पुन्हा हाती लागत नाही. डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी काढणारे अंजी रेड्डी यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात शिकले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) पीएचडी केली आणि कंपनी काढली १९८४ साली. आधी पक्कं रसायनशास्त्र, धंदा नंतर.

गाठीवाली
@लोलक, मधला टप्पा गाळलात. ते आधी हैदराबादला आयडीपीएल या सरकारी औषध कारखान्यात नोकरीला होते. धंदा तिथे जवळून दिसला. आणि १९३३ साली यूडीसीटी सुरू झाली तीच वस्त्ररसायन आणि रसायन अभियांत्रिकी घेऊन, गिरण्यांच्या मुंबईत. आमच्या पोरांच्या पंचक्रोशीत एक जिनिंग आणि दोन डाळमिल आहेत. त्यांनी कारखाना बघायचा कुठे?

एमआयडीसीकर
माझं जैविक खतांचं छोटं युनिट आहे. दोघांशीही थोडं भांडतो. बाई, मुलांना ‘कंपनी काढा’ म्हणू नका. परवाना, तपासणी, परत आलेला माल, अडकलेले पैसे. बाप शेतकरी असलेल्या पोराला यातलं एकही ओझं झेपत नाही. पण सर, नुसतं विज्ञानही पुरत नाही. माझ्या ओळखीच्या एका संशोधक मुलीने नवी पद्धत आधी पोस्टरवर मांडली, पेटंटचा विचार नंतर केला. जगजाहीर झालेल्या गोष्टीला नवेपण उरत नाही. आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकला असता तर पूर्ण तपशिलासाठी १२ महिने मिळाले असते. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. एवढं तरी प्रत्येक बीएस्सीवाल्याला शिकवा. बाकी ऑन जॉब ट्रेनिंगला माझ्याकडे पाठवा, मे महिन्यात, ऐन घाईत.

टीवायची_विद्यार्थिनी
मी कॅफेवाला अहवाल लिहिलाय. ४० पानं. मार्क चांगले मिळाले. पण माझ्या बाबांनी विचारलं, तुझ्या बाटलीची किंमत किती पडते गं? मला सांगता आलं नाही. बाटली, बूच, लेबल, वीज धरून मग घरीच हिशेब केला. ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राची वीजच सगळ्यात जास्त निघाली. हा हिशेब वर्गात झाला असता तर मी आवडीने बसले असते.

गाठीवाली
@एमआयडीसीकर, मे महिन्याचं पटलं. प्राचार्यांशी बोलते. @लोलक, मुख्य विषयाचा एकही तास मला नको. आहे तोच पेपर नीट शिकवू या, एवढंच मागतेय.

लोलक
त्या मुलीचा हिशेब वाचून आनंद झाला, मनापासून. तरी माझा विरोध कायम आहे. एका वर्गावर दोन शिक्षक म्हणताय, माझ्या विभागात पूर्ण वेळ मी एकटा. बाकी सगळे तासिका तत्त्वावर, मार्चनंतर दिसतही नाहीत. आधी त्या जागा भरा.