जिभेचे संगणकी प्रतिरूप रुग्णाला शस्त्रक्रियेआधी दाखवावे का?

मृण्मयी (धागाकर्ती): जिभेची मोठी गाठ काढायची ठरली की रुग्ण विचारतो, "बोलता-गिळता येईल ना?" आणि त्याला उत्तर मिळते, "बघू." ॲम्स्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेत यावर संगणकी प्रतिरूपाचे काम झाले आहे. जिभेत हाड नाही आणि ती कशीही वळली तरी तिचे घनफळ जवळपास तेवढेच राहते. म्हणून तिचे लहान लहान घटक कल्पून, त्यांत स्नायूंचे तंतू बसवून, गाठीचा भाग पडद्यावर कापायचा आणि उरलेली जीभ कुठवर पोहोचते ते पाहायचे. शस्त्रक्रिया की किमो-रेडिएशन, हे ठरण्याआधी रुग्णाने हे पाहावे, असे माझे मत आहे.

शल्यक_९: मी असहमत आहे. आपल्याकडे तंबाखूची गोळी गालात धरतात, त्यामुळे बरेच कर्करोग गाल आणि हिरडीचे असतात. त्यांत जबड्याचा तुकडा काढावा लागतो आणि गुटख्याने आखडलेले तोंड आधीच जेमतेम दोन बोटे उघडत असते. तिथे जिभेचे प्रतिरूप काय सांगणार? शिवाय मनगटाची त्वचा लावून जीभ भरली, तरी ती त्वचा आपणहून हलत नाही, आणि रेडिएशननंतर ऊती महिनोन्‌महिने घट्ट होत जातात. अशा अंदाजाचे चित्र पाहून घाबरलेला रुग्ण काढ्यांच्या मागे लागला, तर गाठ थांबणार आहे का?

वाचा_उपचार: मुद्दा घाबरण्याचा नाही, भाषेचा आहे. फ्रान्समधील ग्रनोबलच्या संशोधकांनी अशाच प्रतिरूपावर जिभेची शस्त्रक्रिया करून स्वर तपासले. मराठीची खरी परीक्षा मात्र 'ळ'ची. माझ्यासमोर बसलेले एक आजोबा 'बाळ' म्हणायला जात आणि 'बाल' म्हणत. नातवाला हाक मारताना त्यांना तेवढेच खुपे. टोक मागे वळते की नाही, हे प्रतिरूपाने सांगितले तरच मला त्याचा उपयोग.

मृण्मयी: शल्यक, गाल-हिरडीबद्दल तुमचे म्हणणे मान्य, माझा आग्रह जिभेपुरताच ठेवते. पण रुग्ण घाबरेल म्हणून त्याला न सांगणे मला पटत नाही, कारण घरी गेल्यावर पहिला घास घशात अडकतो तेव्हा तो एकटाच असतो. 'ळ'चा विचार मी केला नव्हता.

शल्यक_९: सांगतोच की, तोंडी सांगतो. पडद्यावरचे चित्र मात्र लोक निकाल समजतात.