मायक्रोफायनान्समध्ये फील्ड ऑफिसरची ऑफर, घेऊ का?

औसेकर: बी.कॉम. झालंय. एका मायक्रोफायनान्स कंपनीत लागतंय, बायकांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या. हातात १४ हजार, पेट्रोल अन् इन्सेंटिव्ह वेगळं. पोस्टिंग परंड्याला. साहेब म्हणाले, कंपनी जोरात वाढतेय, दोन वर्षांत ब्रँच मॅनेजर होशील. खरंच होतं का असं? आई नको म्हणतेय, कारण सांगत नाही.

बार्शीचा जावई: होतं. मी २१ महिन्यांत झालो. माझ्या वरचे दोघं सोडून गेले अन् नव्या शाखेवर बसवायला माणूस नव्हता, म्हणून.

पहिली सेंटर मीटिंग, म्हणजे गटाची बैठक, सकाळी सातला. बायका रानात जायच्या आत हप्ते गोळा करायचे. पंधरापैकी चौदा आले की दिवस पंधराव्यापाशी अडकतो. वरून फोन, ‘घेतल्याशिवाय उठू नको.’ एकदा मी एका ओसरीवर साडेतीन तास बसलो. त्या माउलीनं मला दोनदा चहा पाजला, शेजारणीकडून उसने पैसे आणले. तरी ४८० कमी पडले. ते मी भरले, रजिस्टरवर तिचं नाव.

रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम असा: घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पण ते उत्पन्न लिहिणारा तूच! महिनाअखेरीला टार्गेट कमी पडलं की फॉर्मवरच्या म्हशी जास्त दूध द्यायला लागतात. शाखा नवी असते तोवर ओडी, म्हणजे थकलेले हप्ते, दिसत नाही, नवं कर्ज जुना हप्ता झाकतं. तुझं प्रमोशन त्याच काळात होतं. नंतरची वसुली ज्याच्या गळ्यात पडते तो बिचारा दुसराच.

मी अजून इथंच आहे हेही खरं. पगार एक तारखेला होतो, पीएफ कापला जातो. आमच्या भागात पदवीवर दुसरं काय मिळतंय?

वऱ्हाडी: नोटाबंदीनंतर मी अमरावतीकडे होतो. लोकांनी हप्तेच बंद केले, काही गावांत शिरू देत नव्हते. जायचं तर जा, पण खिशातून हप्ता भरायची सवय लावून घेऊ नको. मी लावली होती.

औसेकर: आईला वाचून दाखवलं. म्हणाली, ‘आपल्या ओसरीवर पण बसायचा एक पोरगा, तू कॉलेजला असताना.’ तिचं गटाचं कर्ज होतं, मला आज कळतंय.

परंड्यात खोली कितीला मिळते?

बार्शीचा जावई: अडीच हजारात मिळेल. गाडीचे टायर आधी बदलून घे.