भुताचं पुस्तक येतंय : वाचकांना आधी काय दाखवावं, किती दाखवावं?

कुंचला_सोलापूर

नमस्कार मंडळी. मुलांसाठीच्या एका भुताच्या पुस्तकाची चित्रं पूर्ण होत आली आहेत. वय ६ ते ९, आतली ३२ पानं, क्राऊन १/४ आकार (उंची ९.५ इंच), सेंटर पिन (मधोमध पिना मारलेलं). लेखक वेगळे आहेत, प्रकाशक पुण्याचे. बंद पडलेल्या हातमागाच्या खोलीत रात्री धोटा (आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) आपोआप फिरतो आणि सकाळी मागावर वीतभर नवं कापड विणलेलं सापडतं, अशी गोष्ट आहे. ३२ पैकी २२ पानं रात्रीची. चित्रं जलरंगातली, वरचे अंधाराचे थर डिजिटल.

चित्रं आवडीनं बघणारे बरेच जण आहेत, त्यांना आता बातमी द्यायची आहे. अडचणी अशा :

कोणती चित्रं दाखवावीत? भूत दाखवलं तर पुस्तकातली मजा जाईल, नाही दाखवलं तर भुताचं पुस्तक आहे हे कळणार कसं? दुसरं, रात्रीची चित्रं फोनवर नुसती काळी दिसतात. तिसरं, तारीख आत्ताच जाहीर करावी का? आणि सोलापुरात मुलांसाठी छोटा वाचनाचा कार्यक्रम करायचा आहे, त्याबद्दलही सुचवा.

---

रेघोट्या

अभिनंदन! धोट्याची कल्पना फार सुंदर आहे.

आधी पुस्तकाची डमी (पानं जुळवून केलेली कच्ची प्रत) घ्या आणि भूत पूर्ण रूपात पहिल्यांदा कोणत्या पानावर येतं ते बघा. त्या पानापासून पुढचं एकही चित्र बाहेर जाऊ देऊ नका. पान १ उजवीकडे येतं, मग २-३ समोरासमोर, मग ४-५. म्हणजे पान उलटल्यावर नजर पडते ती डावीकडच्या सम पानावर. भूत सम पानावर असेल तर भीती पान उलटण्यात साठवलेली असते. विषम पानावर असेल तर मूल डावीकडचा मजकूर वाचत असतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला भूत दिसतं आणि सगळं फुकट जातं. फाईल अजून प्रकाशकाकडे गेली नसेल तर हे आत्ताच तपासा. बातमीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

दाखवण्यासाठी तीन चित्रं पुरेत. मुखपृष्ठ, भूत यायच्या आधीचं एक शांत चित्र (रिकामा माग, खिडकीतून आलेलं चांदणं) आणि एक अगदी जवळून घेतलेला तुकडा. तो तुकडा धोट्याचाच घ्या. लाकडाची झिजलेली कड, आतली कांडी आणि धोट्याच्या डोळ्यातून निघून कापडाच्या काठाकडे गेलेला एकच पांढरा धागा. हात कुठेच नाही. भूत न दाखवता भूत आहे हे त्यातून कळतं. नाहीतरी मुलांना हाडांच्या सापळ्यापेक्षा आपोआप हलणाऱ्या वस्तूची भीती जास्त वाटते.

आता फोनवरच्या काळ्याबद्दल. छपाईची फाईल जशीच्या तशी टाकायची नाही, वेगळी प्रत करायची. क्रम असा ठेवा :

फाईल एसआरजीबीमध्ये (पडद्यासाठीच्या रंगांत) आणा. सीएमवायके (छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार रंगांची फाईल) तशीच चढवली तर रंग कुठे मळकट, कुठे भडक दिसतात. मग फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये (उजेड-अंधार बदलायची सोय) खालची आउटपुट पट्टी ० वरून १५ ते २० वर आणा, म्हणजे अगदी काळा भाग गडद राखाडी होतो आणि त्यातले आकार दिसू लागतात. त्यावर २ टक्के एकरंगी नॉईज टाका. हे टाळू नका. अंधाराच्या हळूहळू बदलणाऱ्या छटा दाबल्या गेल्या की आकाशात पायऱ्यांसारखे पट्टे पडतात, बारीक दाणा असला की ते लपतात. शेवटी १०८० × १३५० पिक्सेल, जेपेग, दर्जा ८५ च्या आसपास. एवढ्या आकारावरून कुणी पानभर छापायला घेतलं तर चित्र फुटेल, त्यामुळे मधोमध मोठा वॉटरमार्क लागत नाही. कोपऱ्यात सही पुरे.

चाचणी साधी आहे. चित्र कृष्णधवल करा, फोनचा प्रकाश निम्म्यावर आणा आणि दुपारी गच्चीवर जाऊन बघा. चित्रातल्या पात्राचं डोकं मागच्या भिंतीपासून वेगळं दिसत नसेल तर लेव्हल्सनं भागणार नाही. मूळ चित्रातच त्याच्या मागे उजेडाची कड द्यावी लागेल, आणि ती छपाईच्या फाईलमध्येही द्या. फोनवर बुडणारं चित्र कागदावर हमखास बुडतं.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना चित्र डॉक्युमेंट म्हणून जोडा, फोटो म्हणून नको. फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं, आणि गडद चित्राचं नुकसान आधी दिसतं.

---

करार_आधी

एकच गोष्ट, पण सगळ्यात आधीची : प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. मुखपृष्ठ कोण जाहीर करणार, कोणत्या दिवशी, आतली किती चित्रं, हे ईमेलवर असू द्या. ते करतानाच करारही वाचून घ्या. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलेलं नसेल तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे मुदत ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कलम १७ मध्ये मोबदला घेऊन काढलेल्या चित्रांच्या मालकीचा मुद्दा आहे, म्हणून मूळ चित्रं, त्यांच्या प्रिंट, पोस्टर, टी-शर्ट यांचे हक्क कुणाकडे ते स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर उद्या चाहत्यांनी धोट्याच्या चित्राचं पोस्टर मागितलं तर देता येईल की नाही, हेच कळणार नाही.

बातमीत लेखकाचं नाव तुमच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात असावं.

---

ऑफसेट_१८२३

तारखेबद्दल सांगतो. मशीनवर चढायच्या आधी तारीख जाहीर करू नका. गडद पुस्तकाला साध्या पुस्तकापेक्षा वेळ जास्त लागतो, कारण शाई जास्त बसते आणि ती वाळावी लागते. घाईनं घडी घातली तर समोरच्या पानाचा डाग या पानावर उमटतो. छापल्यावर २४ तास हात लावू नये, पावसाळ्यात त्याहून जास्त. प्लेट, प्रूफ, छपाई, वाळवणं, मुखपृष्ठाचं लॅमिनेशन, घडी, पिन, कटिंग मिळून १० ते १२ कामाचे दिवस धरा, वर एक आठवडा हातचा ठेवा. दिवाळीच्या आधी प्रेसमध्ये दिवाळी अंक आणि कॅलेंडरं चढलेली असतात, तेव्हा हा हिशेबही पुरत नाही. बातमीत "अमुक महिन्यात" एवढंच लिहा.

आता काळ्याबद्दल, कारण वाचकांना फोनवर दाखवलेला अंधार कागदावरही मिळायला हवा.

नुसता १०० टक्के काळा मोठ्या पट्ट्यात राखाडी, धुरकट दिसतो. सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० असं मिश्रण द्या, बेरीज २४०. फोटोशॉपमधून सरळ बदल केला तर बहुतेकदा ७५-६८-६७-९० येतं, बेरीज ३००. ते १३० जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट पेपरवर निभतं, मॅपलिथोवर (साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर) मात्र कागद शाई पितो आणि सगळं चिखल होतं. तिथे २४० ते २६० च्या वर जाऊ नका. रात्रीच्या निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० ते ४० टक्क्यांनी कमी ठेवा. १०० सायनला ७५ मॅजेंटा दिलात की आभाळ जांभळं आलंच म्हणून समजा.

काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर जास्त जपा. चार रंगांच्या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी अक्षराच्या कडेला रंगीत झालर दिसते आणि अनुस्वार बुजतो. तुमच्या गोष्टीत "मागं" आणि "माग" दोन्ही शब्द येणार. ठिपका बुजला की अर्थच फिरला! मजकुराखालच्या पट्ट्यात फक्त काळा १०० आणि सायन ४० ठेवा, म्हणजे दोनच प्लेटा जुळवायच्या. टाईप १६ पॉइंटच्या खाली नको, वजन मध्यम किंवा सेमीबोल्ड. बालू, मुक्ता यांच्या रेघा जाड आहेत, पांढऱ्यात तग धरतात. तिरो देवनागरी मराठी देखणा आहे, पण त्याच्या बारीक रेघा काळ्यात भरतात. तो पांढऱ्या पानांसाठी ठेवा.

पीडीएफ करायच्या आधी "वाऱ्यानं", "दुसऱ्या", "अंधाऱ्या" हे शब्द शोधून बघा. युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर गेला की "वार्यानं" होतं. मजकुराची भाषा मराठी निवडलेली असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

मापांचं थोडक्यात. २० × ३० च्या कागदावर क्राऊन १/४ ची एका बाजूला ८ पानं बसतात, म्हणजे ३२ पानांना दोन कागद. पण पान कडेपर्यंत काळं असल्यामुळे चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कटिंगसाठी बाहेर वाढवलेला रंग) हवं, आणि मशीनच्या ग्रिपरला (कागद पकडणाऱ्या चिमट्याला) १० ते १२ मिमी. ९.५ इंच उंचीत हा हिशेब इतका घट्ट बसतो की कलर बारला (शाई तपासायच्या रंगपट्टीला) जागाच उरत नाही. उंची ९.२५ केली तर सगळं सुटसुटीत होतं. सेंटर पिनमध्ये मधली पानं सुमारे १ मिमी बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये तेवढी जातात, म्हणून बाहेरच्या कडेजवळ डोळे, बोटं, पानाचा आकडा असलं काही ठेवू नका, १० मिमी आत घ्या. पान १६-१७ च्या मधोमध चेहरा तर नकोच, तिथे पिना येतात.

मुखपृष्ठ ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन. काळ्या मॅटवर बोटांचे ठसे आणि ओरखडे पांढरे दिसतात, स्क्रॅचप्रूफ फिल्म मिळते ती मागा. घडीवर क्रीझ (दाबाची रेघ) मारून घ्या, नाहीतर कण्यावर काळा फुटून पांढरी रेघ येते. मागच्या बाजूला बारकोडसाठी ३७ × २६ मिमीचा पांढरा चौकोन सोडा. काळ्यावर पांढऱ्या रेघांचा उलटा बारकोड स्कॅनर सहसा वाचत नाही.

---

पूर्वभाग

कार्यक्रमाचं बघू की.

हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह चाळीस मुलांना फार मोठं होतं, आवाज आणि अंधार दोन्ही विरतात. हि. ने. वाचनालय किंवा एखाद्या शाळेचा वर्ग बरा, मुलं चटईवर बसतील इतका. संक्रांतीच्या सुमारास गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) असतो, ते दिवस सोडा. मे महिन्यात सुट्टी आहे, पण सूर्य पावणेसातनंतर मावळतो, त्यामुळे ६ ला ठेवलं तर खोली उजळ राहील. खिडक्यांवर सोलापुरी चादरी टांगा. जाड जॅकार्ड विणीतून उजेड येत नाही आणि पुस्तकाशी नातंही जुळतं.

सावल्यांसाठी मात्र ही चादर चालत नाही हो. तिथे पातळ मांजरपाट हवा, ४ × ६ फूट, ताणून बांधलेला. सुरकुती राहिली तर सावली मोडते. मागे ६ फुटांवर एकच छोटा दिवा, मोबाईलची टॉर्चही चालते. ट्यूबलाइट किंवा लांब पट्टी नको, सावलीच्या कडा पुसट होतात. काळ्या कार्डाचा धोटा कापडाला टेकवला की सावली तेवढीच आणि धारदार, दिव्याकडे निम्म्या अंतरावर नेला की बरोबर दुप्पट. गोष्टीत धोटा मोठा होत जातो तिथे फक्त हात हळूहळू मागे घ्यायचा. वायर आणि दिवा मुलांच्या वाटेत नको, आणि दाराजवळ एक मंद दिवा शेवटपर्यंत चालू ठेवा. पूर्ण अंधारात एक मूल रडलं की पाच रडतात.

आवाजाकडे लक्ष द्या. हातमागाचा आवाज थांबून थांबून येतो, खट... खट... मध्ये फणी कापडावर आपटते तो जड ठोका. पॉवरलूमचा आवाज सलग खडखडाट असतो. चित्रात हातमाग आणि बातमीच्या व्हिडिओत पॉवरलूम असेल तर इथलं पोरगंही ओळखेल. माग चालतात तिथे वाढलेली मुलं आहेत ती. चित्रातही धोटा डावीकडून उजवीकडे निघाला असेल तर धागा त्याच्या मागे डाव्या काठापर्यंतच गेलेला दिसायला हवा, पुढे नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा तेलुगू आहे, काहींची कन्नड. सुरुवातीला "देय्यम माहीत आहे का? देव्व कुणी बघितलंय?" असं विचारा (दोन्ही शब्दांचा अर्थ भूत). निम्मा वर्ग हात वर करेल आणि मग गोष्ट मराठीतच सांगा, सगळे ऐकतात.

निमंत्रणात वय लिहाच : ६ वर्षांपुढे. खाली एक ओळ, "अंधार आहे, रक्त नाही, शेवट आनंदाचा." आईवडिलांना तेवढंच हवं असतं. आणि "सत्यघटनेवर आधारित" असलं चुकूनही टाकू नका, मुलं बंद मागांच्या शेडमध्ये शोधायला जातील. तिथे पडकी छपरं आणि उघड्या वायरी असतात.

---

कुंचला_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. डमी तपासली, भूत पान १३ वर आहे. बदलते. करार आज परत वाचून प्रकाशकांना ईमेल करते. एक शंका : मुखपृष्ठावरचा धागा अंधारात चमकणारा करता येईल का? बातमीत तेच सांगायचं मनात होतं.

---

रेघोट्या

१३ चं १४ करायचं तर आधीच्या पानांत एक शांत पान वाढवा आणि शेवटाकडचं एक कमी करा, ३२ चा आकडा हलायला नको. रिकाम्या मागाचं चित्र डाव्या-उजव्या पानांवर मिळून पसरलं तर तेवढी जागा सहज भरेल.

---

ऑफसेट_१८२३

धागा चमकणारा होतो, पण ऑफसेटवर नाही, स्क्रीन प्रिंटिंगनं. इथे त्या शाईला "रेडियम" म्हणतात. तिचे कण जाड असतात, म्हणून जाळी मोठ्या भोकाची लागते आणि बारीक रेघ येत नाही. धागा निदान १.५ मिमी जाड ठेवा. काळ्यावर थेट मारली तर चमक मरते, कारण खालचा काळा उजेड खाऊन टाकतो. आधी पांढऱ्याचा हात, मग शाईचे दोन हात. दिवसा ती रेघ फिकट पिवळसर हिरवी दिसते, त्यामुळे चित्रातला धागा पांढराशुभ्र नको, त्याच झाकेचा ठेवा. लॅमिनेशनवर मारायची असेल तर शाई फिल्मवर धरते का ते आधी तपासा. नमुना वाळला की चिकटपट्टी लावून ओढायची, शाई पट्टीबरोबर आली तर दुसरी शाई.

चमकण्याआधी ५ ते १० मिनिटं दिव्याखाली धरावं लागतं, हे बातमीत आणि पुस्तकाच्या मागे लिहा. नाहीतर मूल रात्री पुस्तक उघडेल, काहीच चमकणार नाही आणि ते हिरमुसेल. नमुना हातात येऊन अंधारात बघितल्याशिवाय मात्र चाहत्यांना हे सांगू नका.

आणि टपालाचा खर्च किमतीत धरा. १३० जीएसएमची ३२ पानं आणि ३०० जीएसएमचं कव्हर मिळून एक प्रत सुमारे १२० ग्रॅम भरते. वर पुठ्ठा आणि पाकीट. पुठ्ठा दोन्ही बाजूंनी घाला, गडद कव्हरचा कोपरा दुमडला की लगेच पांढरा दिसतो.