ऑफिसातल्या विंडोज, मॅक आणि उबुंटूच्या घड्याळांत फरक पडतोय, बॅकअपमध्ये नव्या फायली सुटतायत

फ्लेक्सवाला:
मंडळी जरा मदत हवीये. आमचं फ्लेक्स प्रिंटिंगचं छोटं ऑफिस आहे, तीन विंडोज १०, डिझायनरकडे मॅक मिनी, आणि एका जुन्या डब्यात उबुंटू २२.०४ टाकून सर्व्हर केलाय, सांबाचं शेअर (सगळ्या मशीनना दिसणारं सामायिक फोल्डर) आणि रात्री आरसिंक -यू (फायली सर्व्हरवर कॉपी करणारा प्रोग्राम; -यू म्हणजे तिथली फाइल नव्या वेळेची असेल तर तिला हात लावायचा नाही). परवा डिझायनरने सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ६:१० ला काहीतरी हलवलं, त्यानंतर ऑपरेटरने त्याच्याकडच्या कॉपीत फोन नंबर दुरुस्त करून सेव्ह केलं, पण त्याचं मशीन सात-आठ मिनिटं मागे, त्यामुळे फाइलवर वेळ पडली ६:०४. आरसिंक म्हणालं सर्व्हरवरची नवी आहे, याची सोडून दिली, आणि सकाळी चुकीच्या नंबरचा वीस बाय दहाचा बोर्ड छापून तयार! सगळीकडे "सेट टाइम ऑटोमॅटिकली" चालूच आहे हो. दुसऱ्या एका पीसीवर तर लाइट गेली की तारीखच कुठल्या कुठे जाते. आणि माझ्या लॅपटॉपवर विंडोज-उबुंटू दोन्ही आहेत, तिथे वेगळंच, उबुंटूतून विंडोजमध्ये आलो की वेळ साडेपाच तास मागे. व्हायरस वगैरे नसेल ना?

टर्मिनल_तात्या:
व्हायरस नाही. तुझी तीन दुखणी वेगवेगळी आहेत, एकत्र बघू नकोस. फरक किती पडतोय त्यावरून निम्मं निदान होतं.

बरोब्बर साडेपाच तास म्हणजे घड्याळ बिघडलेलं नाहीच. मदरबोर्डवरच्या घड्याळात उबुंटू यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) लिहितं आणि विंडोज तोच आकडा भारतीय वेळ समजून वाचतं. उलटं झालं की उबुंटू साडेपाच तास पुढे दिसतं, फक्त ते नेटवरून पटकन सावरतं म्हणून लक्षात येत नाही. उपाय दोन. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ ही कमांड दे (म्हणजे तेही तिथे स्थानिक वेळ लिहील), किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत करंटकंट्रोलसेट > कंट्रोल > टाइमझोनइन्फर्मेशनमध्ये रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड (आकड्याची नोंद) करून १ ठेव, म्हणजे विंडोजही यूटीसी धरेल. दोन्ही एकदम करू नकोस, परत तेवढाच फरक उलट्या बाजूला पडेल. पहिला मार्ग घेतला की उबुंटू डोळे वटारतं, पण त्यातली मोठी भीती डेलाइट सेव्हिंगची (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत) आणि आपल्याकडे ते नाहीच, त्यामुळे इथे चालून जातं. तरी मी रजिस्ट्रीवालाच घेईन, लॅपटॉप उद्या परदेशात गेला तरी कटकट नाही.

लाइट गेल्यावर तारीख उडते तिथे मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल बदल. सीआर२०३२ असतो बहुतेक, घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळेल.

पक्या_भाई:
एवढं कशाला राव, सेटिंग्जमध्ये सिंक नाऊ दाबा, विषय संपला

राउटरवाली:
@पक्या_भाई आज संपेल, दोन महिन्यांनी परत येईल. साध्या पीसीच्या घड्याळाचं क्रिस्टल २० पीपीएमने (दहा लाखांत वीस) चुकतंय असं धरलं तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, म्हणजे आठ मिनिटं मागे पडायला नऊएक महिने लागतील. थोडक्यात त्या मशीनवर सिंक कित्येक महिने होतच नाहीये, नुसतं बटण निळं दिसतंय. डोमेन (कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरची जोडणी) नसलेल्या विंडोजवर टाइम सर्व्हिस सतत चालू नसते, ट्रिगर मिळाला की उठते आणि काम झालं की परत झोपते. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस मारा, सोर्सपुढे "लोकल सीमॉस क्लॉक" (मदरबोर्डवरचं स्वतःचं घड्याळ) दिसलं तर ते मशीन स्वतःलाच वेळ विचारून स्वतःच खूश आहे.

@फ्लेक्सवाला तुमच्या कामाला घड्याळं बरोबर असण्यापेक्षा सगळी सारखी असणं जास्त महत्त्वाचं. म्हणून प्रत्येकाला वेगवेगळं नेटवर पाठवू नका, उबुंटूलाच ऑफिसचं घड्याळ करा. त्यावर आत्ता सिस्टीमडी-टाइमसिंकडी असेल, ते फक्त वेळ घेतं, दुसऱ्याला देत नाही, त्यामुळे क्रोनी टाका, तो प्रोग्राम वेळ घेतो आणि देतोही. क्रोनी.कॉन्फमध्ये वरचा सोर्स म्हणून इन.पूल.एनटीपी.ऑर्ग किंवा दिल्लीच्या एनपीएलचा (नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी) टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग (भारताची प्रमाणवेळ तेच सांभाळतात), खाली अलाउ १९२.१६८.१.०/२४ (ऑफिसच्या नेटवर्कमधले सगळे पत्ते), आणि लोकल स्ट्रॅटम १०. अलाउ नसेल तर क्रोनी कुणालाही उत्तर देत नाही, बरेच जण तिथेच अडकतात. लोकल स्ट्रॅटम यासाठी की दिवसभर नेट गेलं तरी तो बाकीच्यांना वेळ देत राहील, थोडी चुकली तरी सगळ्यांची एकसारखी चुकेल.

मग प्रत्येक विंडोजवर
डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग /मॅन्युअलपीअरलिस्ट:"१९२.१६८.१.१०,०एक्स८" /सिंकफ्रॉमफ्लॅग्ज:मॅन्युअल /अपडेट
आणि त्यानंतर डब्ल्यू३२टीएम /रीसिंक. टाइम सर्व्हिस ऑटोमॅटिकवर ठेवा. आयपी तुमच्या सर्व्हरचा घाला आणि तो फिक्स असू द्या. मॅकवर डेट अँड टाइममध्ये टाइम.अ‍ॅपल.कॉमच्या जागी तोच आयपी.

फ्लेक्सवाला:
ताई केलं सगळं. मॅक लगेच ऐकला. ऑपरेटरच्या मशीनवर खरंच लोकल सीमॉस क्लॉक होतं 🙏 पण रीसिंक होईना, डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट (सर्व्हरशी वेळेचा फरक दाखवतं) लावून बघितलं तर प्रत्येक ओळीला ०एक्स८००७०५बी४. आणि सेलवाल्या पीसीवर (सेल अजून आणायचाय) "द रिक्वायर्ड टाइम चेंज वॉज टू बिग" म्हणतंय

राउटरवाली:
पहिलं म्हणजे टाइमआउट, उत्तरच येत नाहीये. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू असेल, त्यात वेळेचा पोर्ट १२३/यूडीपी उघडा. दुसरं विंडोजचं मुद्दाम केलेलं आहे, साध्या मशीनवर फरक ५४००० सेकंदांच्या म्हणजे १५ तासांच्या वर असेल तर ते वेळ बदलायलाच नकार देतं. तारीख एकदा हाताने जवळपास आणा आणि मग रीसिंक. सेल बदलला नाहीत तर लाइट जाईल तेव्हा हेच.

फ्लेक्सवाला:
यूएफडब्ल्यूच होतं! आता स्ट्रिपचार्टमध्ये फरक ०.०० काहीतरी सेकंद येतोय, सर्व्हरवर क्रोनीसी क्लायंट्स (क्रोनीकडे वेळ मागणाऱ्यांची यादी) मारलं की त्यात सगळी मशीनं दिसतायत. आता बॅकअप बिनधास्त ना?

टर्मिनल_तात्या:
बिनधास्त नाही. आधी चुकीच्या वेळेने सेव्ह झालेल्या फायली तशाच राहतात, घड्याळ सुधारलं म्हणून त्या आपोआप सुधारत नाहीत. सर्व्हरवर फाइंड . -न्यूअरएमटी नाऊ चालवून बघ, भविष्यातल्या तारखेच्या निघाल्या तर त्यांना टच कर (ही कमांड फाइलवर आत्ताची वेळ टाकते), नाहीतर -यू त्यांना ती तारीख उलटेपर्यंत हात लावणार नाही. मागे पडलेल्या मात्र यात सापडणार नाहीत, त्यासाठी एकदा आरसिंकचं -यू काढून, -सी (वेळेऐवजी फाइलमधला मजकूर ताडून बघतं) आणि ड्राय-रन (कॉपी न करता नुसतं दाखवतं) लावून यादी काढ आणि डोळ्यांनी तपास.

आणि त्या बोर्डाबद्दल, एकाच फाइलच्या दोन कॉपी दोघांनी बदलल्या की घड्याळं कितीही जुळवलीत तरी एकाचं काम जाणारच, त्या दिवशी वेळ बरोबर असती तर डिझायनरचा बदल गेला असता. ऑपरेटरलाही थेट शेअरवर काम करायला लाव, आणि आरसिंकला --बॅकअप --बॅकअप-डिर जोड म्हणजे जी फाइल बदलली जाईल तिची आधीची प्रत बाजूला राहील.