बहुसंख्याकांचे गाऱ्हाणे खरे असेल, तर त्यावरचा उपाय कुठे थांबावा?

पाचपाखाडीकर (ठाणे)

आम्ही काही निवृत्त आणि काही नोकरदार मंडळी महिन्यातून एकदा एखादा विषय घेऊन चर्चेला बसतो. या वेळी श्रीलंका आणि मलेशिया यांची तुलना घेतली होती. दोन्ही देश ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटलेले. दोन्हीकडे संख्येने मोठा असलेला समाज शिक्षणात, व्यापारात किंवा सरकारी नोकऱ्यांत आपण मागे पडलो असे मानणारा. आणि दोन्हीकडे त्या समाजाने सत्ता हाती असताना कायद्याच्या बळावर ते अंतर भरून काढायचे ठरवले. श्रीलंकेत १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. मलेशियात १३ मे १९६९ च्या दंगलींनंतर, १९७१ पासून, मलय व इतर मूळ समाजांसाठी नवे आर्थिक धोरण आले. श्रीलंकेत १९८३ ते २००९ यादवी युद्ध चालले. मलेशियात १९६९ नंतर तशी दंगल पुन्हा झाली नाही.

इथवर चर्चा शिस्तीत चालली होती. मग एका सभासदाने विचारले की, मलय माणसाने मागितले ते धोरण आणि मराठी माणसाने मागितले तो संकुचितपणा, असे का? त्यानंतरचा सगळा वेळ नवी मुंबई विमानतळावरच्या नोकऱ्या, दुकानांच्या पाट्या आणि जून २०२५ मध्ये मागे घेतलेले पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय यांतच गेला आणि मूळ विषय बाजूला पडला.

माझा प्रश्न असा आहे : गाऱ्हाणे खरे असूनही त्यावरचा उपाय इतरांवरचा अन्याय केव्हा ठरतो, याची काही व्यवहारात वापरता येईल अशी कसोटी या देशांच्या अनुभवातून सापडते का? केवळ ‘सर्वांनी सामंजस्याने राहावे’ असे उत्तर नको आहे. ते आमच्या बैठकीत भरपूर मिळाले.

निवांत नेरूळ

सिंहली समाजाचे गाऱ्हाणे खोटे नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. कारभार इंग्रजीत चाले आणि इंग्रजी जाणणारा थर अगदी पातळ होता. उत्तरेतल्या तमिळबहुल जाफन्याकडे मिशनऱ्यांच्या शाळा लवकर निघाल्यामुळे सरकारी नोकऱ्यांत तमिळांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. इंग्रजी हटवून सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषा आणणे हा त्यावरचा सरळ उपाय होता आणि १९४४ साली तिथल्या कायदेमंडळाने तसा ठरावही केला होता. पुढच्या बारा वर्षांत, निवडणुकीच्या चढाओढीत, त्या ठरावातली तमिळ गळून पडली. मूळ गाऱ्हाणे इंग्रजीविरुद्ध होते. उपाय मात्र तमिळांवर बसला.

हा कायदा प्रत्यक्ष माणसावर कसा आदळला ते पाहण्यासाठी कोडीश्वरन यांचा खटला वाचावा. हे सरकारी सेवेतले एक तमिळ कारकून. त्यांनी सिंहली प्रावीण्याची परीक्षा दिली नाही म्हणून त्यांची वार्षिक वेतनवाढ रोखण्यात आली. जो मनुष्य इंग्रजी अमदानीतल्या अटींवर नोकरीत शिरला, त्याला मध्येच नवी भाषा उत्तीर्ण व्हायला सांगून त्याची पगारवाढ त्या परीक्षेशी बांधणे, इतकाच हा मामला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेले. १९६९ साली तिने सरकारी नोकराला पगारासाठी दावा लावता येतो एवढे मान्य केले, पण भाषेचा कायदा घटनेत बसतो की नाही हा खरा प्रश्न परत कोलंबोला पाठवला. त्याचे उत्तर मिळण्यापूर्वी १९७२ ची नवी राज्यघटना आली आणि जुन्या घटनेतले कलम २९, म्हणजे एखाद्या समाजाला जाचक ठरणारे कायदे करण्यास संसदेला मनाई करणारे कलम, नाहीसे झाले.

मधल्या काळात तडजोडीची संधी आली होती. जुलै १९५७ मध्ये पंतप्रधान बंदरनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात प्रादेशिक मंडळे आणि उत्तर-पूर्वेत तमिळमधून कारभार यांवर करार झाला. विरोधी पक्षाचे जयवर्धने त्याविरुद्ध कँडीपर्यंत पदयात्रा काढायला निघाले. पुढच्या वर्षी भिक्खूंनी पंतप्रधानांच्या निवासस्थानी ठाण मांडल्यावर बंदरनायक्यांनी करार मोडीत काढला. मूळ करारानंतर तीस वर्षांनी, १९८७ साली, राष्ट्राध्यक्षपदी बसलेल्या त्याच जयवर्धन्यांना राजीव गांधींबरोबर करार करून तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा आणि तमिळला राजभाषेचा दर्जा द्यावा लागला. म्हणजे सुधारणा जवळपास तीच होती, पण दरम्यान जाफन्याचे ग्रंथालय जळाले होते, जुलै १९८३ चे तमिळविरोधी हत्याकांड घडले होते आणि करार पाळायला ज्यांच्याशी बोलायचे ते नेते आता संसदेत नव्हे, जंगलात होते.

मलेशियाशी फरक मला नागरिकत्वात दिसतो. स्वातंत्र्य मिळताच १९४८ साली श्रीलंकेने चहामळ्यांत राबणाऱ्या, सात लाखांहून अधिक भारतीय वंशाच्या तमिळांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात त्यांची वाटणी अक्षरशः आकड्यांनी झाली : सव्वापाच लाख भारताने घ्यायचे, तीन लाख श्रीलंकेने, उरलेल्यांचे नंतर पाहू. उलट मलायाने (आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पाने) १९५७ साली, मलयांच्या विशेष स्थानाच्या मोबदल्यात का होईना, चिनी आणि भारतीयांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली, आणि त्यांच्या प्राथमिक शाळा आजही चिनी व तमिळ माध्यमांतून सरकारी मदतीवर चालतात. कसोटी हवी असेल तर ही घ्या : आपल्याला हवे ते मिळवताना दुसऱ्याचे मत देण्याचे आणि आपल्या भाषेत शिकण्याचे दार आपण बंद करतो का?

ऐरोलीकर

निवांत यांचे श्रीलंकेबद्दलचे विवेचन मान्य, मलेशियाचे चित्र मात्र फारच उजळ झाले आहे. नोकरीनिमित्त मी काही वर्षे सेलांगोरमध्ये होतो. तिथे नव्या इमारतीत घर पाहायला गेलो की तेच घर बुमिपुत्रा, म्हणजे मलय किंवा इतर मूळ समाजातल्या, ग्राहकाला काही टक्के स्वस्त मिळते, हे विक्रेता अगदी सहज, पार्किंगच्या जागेविषयी सांगावे तसे सांगतो. माझा सहकारी तमिळ होता. त्याची चौथी पिढी त्या देशात, पूर्वज रबराच्या मळ्यात आलेले. शेजारच्या टेबलावरचा मलय अधिकारी पगाराने आणि घराण्याने त्याच्या कितीतरी वरचढ, पण सवलत त्या अधिकाऱ्याला.

धोरणाचा पहिला टप्पा यशस्वी झाला हे नाकारता येत नाही. १९७० साली द्वीपकल्पातली जवळपास निम्मी कुटुंबे दारिद्र्यात होती. १९९० पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आले. कंपन्यांच्या भांडवलात मलयांचा वाटा २.४ टक्के होता, तो वीस वर्षांत तीस टक्क्यांवर न्यायचे ठरले होते. तो तेवढा झाला नाही, पण अनेक पटींनी वाढला. धोरणाचे पहिले उद्दिष्ट मुळात ‘वंश न पाहता दारिद्र्य निर्मूलन’ असे होते, हे आज तिथेही पुष्कळांना आठवत नाही. १९९० उलटले, नाव बदलले, सवलती राहिल्या. कारण १९७१ मध्येच घटनेच्या कलम १५३ वर, म्हणजे मलयांच्या विशेष स्थानावर, प्रश्न उपस्थित करणे राजद्रोहाच्या कक्षेत आणले गेले आणि खासदारांचे संसदेतले भाषणही त्यातून सुटले नाही. ज्या उपायाच्या परिणामांची चर्चाच करता येत नाही तो उपाय संपणार कसा? नोव्हेंबर २००७ मध्ये क्वालालंपूरच्या रस्त्यांवर हजारो भारतीय वंशाचे लोक उतरले, त्यामागे हीच घुसमट होती. २०१८ मध्ये नव्या सरकारने वांशिक भेदभावविरोधी आंतरराष्ट्रीय करार स्वीकारण्याची घोषणा केली आणि मलय संघटनांच्या विरोधानंतर ती काही आठवड्यांत मागे घेतली.

त्यामुळे निवांत यांच्या कसोटीत मी दोन गोष्टी घालीन. उपायाला मुदत असावी, आणि त्याविरुद्ध बोलण्याची मोकळीक असावी. युद्ध झाले नाही हे काही कमी नाही, पण केवळ तेवढ्यावर धोरण न्याय्य ठरत नाही.

जासईचा

या चर्चेत ‘स्थानिक’ म्हणजे ‘मराठी’ हे सगळ्यांनी गृहीत धरलेले दिसते. आमच्या बाजूला तसे कधीच नव्हते.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. भातखाचरे, मिठागरे, खाडीतली मासेमारी हे सगळे ज्यांचे होते ते आगरी, कोळी, कराडी. आणि त्या जमिनीवर राहायला, कार्यालयांत साहेब म्हणून बसायला, पंचनामा लिहायला जे आले ते बहुतेक मराठीच बोलत होते. आमच्या आजोबांना मोबदल्याचा कागद ज्या अधिकाऱ्याने दिला तोही मराठी होता. भाषा एक असल्याने भाव काही वाढला नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, जासई आणि परिसरात गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ही मागणी भाषेवर नव्हती, जातीवरही नव्हती. ती सातबाऱ्यावर होती. कोणाची किती जमीन कोणत्या निवाड्याने गेली याची यादी आहे, ती तपासता येते, तीत चुकीचे नाव घुसले तर ते काढता येते.

म्हणून विमानतळावर प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना नोकरी द्या ही मागणी आणि तिथे फक्त मराठी माणसाला नोकरी द्या ही मागणी, या दोन्ही एकाच सभेत, एकाच ध्वनिक्षेपकावरून केल्या जातात तेव्हा आमचे नुकसान होते. पहिलीचा हिशेब देता येतो. दुसरीत तो विरघळून जातो आणि शेवटी जागा मिळते ती पुण्या-नाशिकच्या उमेदवाराला. त्याच्याशी माझे वैर नाही, पण जमीन त्याची गेली नव्हती.

वाशीतला वकील

कायद्यापुरते थोडक्यात. अनुच्छेद १६(२) प्रमाणे शासकीय नोकरीत जन्मस्थान किंवा निवास यांवरून भेद करता येत नाही; निवासाची अट घालण्याचा अधिकार १६(३) ने फक्त संसदेला दिला आहे, विधिमंडळाला नाही. खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना पंचाहत्तर टक्के जागा देणारा हरियाणाचा कायदा तिथल्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला.

जासईचा यांच्या मुद्द्याला तेलंगणाचे उदाहरण फार चपखल आहे. तिथे ‘बाहेरचा’ हाही तेलुगूच बोलत होता. निजामाच्या काळापासूनचे, नोकऱ्या स्थानिक रहिवाशांसाठी राखणारे ‘मुलकी’ नियम, १९६९ चे आंदोलन, १९७३ च्या बत्तिसाव्या घटनादुरुस्तीने आलेले, स्थानिकांना नोकऱ्यांत व शिक्षणात प्राधान्य देऊ शकणारे अनुच्छेद ३७१-ड आणि अखेर २०१४ चे वेगळे राज्य, हा सगळा प्रवास एका भाषेच्या पोटात झालेला आहे. भाषावार प्रांतरचनेने एक प्रश्न सोडवला, त्याच्या आतले प्रश्न तसेच राहिले.

आणि आपण नोकऱ्यांबद्दल इतके बोलतो, तर घरांबद्दलही बोलावे. अनुच्छेद १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांच्या वापरात भेदभावाला मनाई करतो. त्या यादीत सहकारी गृहनिर्माण संस्था नाही. अहमदाबादमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवली. ब्रिटनचा १९६५ चा वंशभेदविरोधी कायदाही घरांबाबत जवळजवळ गप्प होता. तीनच वर्षांत, १९६८ साली, त्यांना घरे आणि नोकऱ्या दोन्ही त्यात घालावी लागली, कारण खरा जाच तिथेच होता. सिंगापूरने १९८९ पासून सरकारी इमारतींत प्रत्येक समाजाची कमाल टक्केवारी ठरवली आहे. ती मला पटत नाही, कारण अल्पसंख्य कुटुंबाला घर विकताना ग्राहकच कमी मिळतात. ठाण्यात आणि इथे वाशीत मांसाहाराच्या नावाखाली मराठी कुटुंबाला नकार मिळाला की आपण संतापतो, ते योग्यच आहे. त्याच संतापलेल्या मंडळींच्या इमारतीत मुसलमान भाडेकरूचा अर्ज आला की ‘कमिटी ठरवेल’ हे उत्तर मिळते, आणि कमिटी काय ठरवते ते सर्वांना ठाऊक असते.

पाचपाखाडीकर (ठाणे)

सर्वांचे आभार. जासईचा, एक शंका आहे, ती टीका म्हणून घेऊ नये. ज्या कुटुंबाने साडेबारा टक्क्यांचा भूखंड केव्हाच विकासकाला विकला, त्याच्या तिसऱ्या पिढीचा हक्क अजून उरतो का? ऐरोलीकरांच्या सेलांगोरमधल्या मलय अधिकाऱ्यासारखीच ही गोष्ट होत नाही का?

जासईचा

शंका रास्त आहे आणि आमच्या गावातही ती विचारली जाते. भूखंड विकला त्याचा भूखंडावरचा हक्क संपला. त्याने पुन्हा भूखंड मागू नये. नोकरीचे वेगळे आहे. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो आणि तो घेतला की दाखला वापरला गेला. पुढच्या भावाला तो चालत नाही. म्हणजे ऐरोलीकर म्हणतात ती मुदत इथे वर्षांत नसली तरी दाखल्यातच आहे. अडचण अशी की आमच्यातल्या कित्येकांचा दाखला वडिलांच्या हयातीपासून कपाटात पडून आहे आणि वयोमर्यादा मुलाचीही ओलांडत आली. तो वापरला जाईपर्यंत तिसरी पिढी मागणारच. ज्यांचा वापरून झाला आहे, त्यांनी मोर्चात पुढे उभे राहून पुन्हा मागू नये, एवढे मी गावच्या बैठकीत बोललो आहे आणि त्यावरून दोघांनी माझ्याशी बोलणे सोडले आहे.