गळ्यातली गाठ किती सेंटीमीटरची, यावरून कॅन्सर ठरतो का?

आर्वीची लेक:
आईच्या गळ्यात डावीकडे थायरॉईडची गाठ आहे, ३.८ सेंटीमीटर. घोट गिळला की वरखाली होताना दिसते. कापूस वेचायला गेली की बायका आधी गळ्याकडे पाहतात, मग तोंडाकडे. घरी एकच धोशा, "एवढी मोठी म्हणजे कॅन्सरच." सोनोग्राफीत उजवीकडे ११ मिलिमीटरची आणखी एक गाठ निघाली, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सेवाग्रामला दाखवलं तर डॉक्टरांनी बोट ठेवलं ते त्या लहानीवर. ती काळपट दिसते, कडा वेड्यावाकड्या, आत चुन्याचे बारीक ठिपके आणि रुंदीपेक्षा उंची जास्त. मोठी मात्र स्पंजासारखी, पोकळ्यांनी भरलेली, तिच्यावर नुसतं लक्ष ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करा म्हणाले. म्हणून सांगते, नुसती फूटपट्टी लावून घाबरू नका. दहातल्या नऊच्या आसपास गाठी साध्याच असतात.

दारव्ह्याचा काका:
ताई, आकार बिनकामाचा नाही. आमच्या वहिनीची गाठ साडेचार सेंटीमीटरची होती. गाठीत सुई घालून पेशी काढल्या, तपासल्या; त्या रिपोर्टात ना होय, ना नाही. शेवटी ऑपरेशन केलं, अख्खी गाठ तपासली, तेव्हा फॉलिक्युलर, म्हणजे थायरॉईडच्याच एका प्रकारचा कॅन्सर निघाला. त्या प्रकारात पेशींनी गाठीचं कवच फोडलं का, किंवा त्या रक्तवाहिनीत शिरल्या का, हे पाहायचं असतं, आणि ते सुईतून आलेल्या चार थेंबांत दिसत नाही. शिवाय मोठ्या गाठीत सुई एका कोपऱ्यात जाते, बाकीचा भाग राहूनच जातो. चारच्या वर गेली की काढा, हे माझं ठाम मत.

लॅबवाली, वर्धा:
काका, तुमचं निम्मं बरोबर आहे. बोस्टनच्या डॉक्टरांचा ७ हजारांवर गाठींचा अभ्यास २०१३ साली छापून आला. १ ते २ सेंटीमीटरच्या गाठींत कॅन्सर साडेदहा टक्के, त्याहून मोठ्यांत १५ टक्क्यांच्या आसपास. दोनच्या पुढे गाठ कितीही वाढली तरी एकूण धोका फारसा वाढला नाही. वाढला तो फॉलिक्युलरचा वाटा, म्हणजे तुमच्या वहिनीचाच प्रकार. तरी १५ टक्के म्हणजे ८५ जणी सुटल्या ना! सुई कधी मारायची हे आकार आणि रूप दोन्ही पाहून ठरतं. दिसायला वाईट असेल तर १ सेंटीमीटरलाच मारतात, बऱ्यापैकी साधी दिसली तर अडीचपर्यंत थांबतात. आईच्या लहान गाठीला सुई हवीच.

पांढरकवड्याचा शेतकरी:
तुमचं सारं खरं हाय जी. पण सहा महिन्यानं पुन्हा सोनोग्राफी म्हणता, अन् तो महिना सोयाबीन काढायचा निघाला तर जाते कोन? गाडीभाडं, एक दिवसाची मजुरी, वरून तपासणीचे पैसे. लक्ष ठेवणं शहरात जमते. आमच्याकडं बाई एकदा परत आली का पुन्हा दवाखान्याचं तोंड पाहत नाही. थे गाठ काढून टाकलेली बरी, निदान जीवाचा घोर तर जाईल.

मोर्शीची मावशी:
भाऊ, घोर जात नाही, दुसरा लागतो. माझी पूर्ण ग्रंथी काढली. गाठ साधी निघाली. आता रोज पहाटे उपाशीपोटी गोळी, जन्मभर. सुरुवातीला कॅल्शियम इतकं उतरलं की बोटांत मुंग्या यायच्या, पोळी लाटताना हात आखडायचा. आवाज बसला तो बसलाच. बांधावरून हाक मारली तर धुऱ्यापलीकडच्याला ऐकू जात नाही. दक्षिण कोरियात धडाधड सोनोग्राफी करून गाठी शोधल्या, तर २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचे रुग्ण १९९३ च्या १५ पट झाले, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. किती गळे विनाकारण कापले असतील!

पांढरकवड्याचा शेतकरी:
मावशी, तुमचं दुःख समजते. पण फेरीचा खर्च कोन देते, त्याचं उत्तर अजून कोनी देलं नाही.

आर्वीची लेक:
भाऊ, त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. आम्ही पुढची तारीख वेचणीच्या आधीची मागून घेतली, एवढंच केलं. काका, मोठी गाठ वाढायला लागली, घास अडकायला लागला किंवा आडवं झाल्यावर दम लागला तर ती काढायचीच, हे मला मान्य. पण गुरुवारी पहिली सुई लहानीलाच मारली.

दारव्ह्याचा काका:
रिपोर्ट आला की इथे टाका. आणि मोठीचं माप आजच्या तारखेसह वहीत लिहून ठेवा, पुढल्या खेपेला ताडून पाहायला.